चिंचोक्यांचा कौल

एकदा एका नगरात एक प्रश्न उभा राहिला, आणि ज्या बाईमुळे तो उभा राहिला ती मात्र कितीतरी दिवस अंथरुणातून उठू शकली नव्हती.

नगर नदीकाठी होते आणि नगराची देवी समोरच्या टेकडीवर. चैत्रातल्या अष्टमीला तिथे गर्भवती स्त्रियांचे एक व्रत असे. सूर्योदयापासून पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, दुपारी नदीवर कळशी भरायची, ती डोक्यावर घेऊन टेकडी चढायची आणि देवीला स्नान घालायचे. स्वतःच्या तोंडात पाणी पडायचे ते दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवल्यावर. कळशीची अष्टमी म्हणत तिला. डोक्यावर पाणी आणि ओठ कोरडे, हेच त्या व्रताचे तेज, असे नगरातले लोक अभिमानाने सांगत. आदल्या वर्षी आठव्या महिन्यातली एक सून त्याच पायऱ्यांवर कोसळली. बाळ वेळेआधी आले आणि राहिले नाही.

नगरात दोन तट पडले. काही म्हणाले, गर्भिणीला निर्जळी बाधते, ती बंद करा. काही म्हणाले, तिच्या करण्यातच काही कमी पडले असेल. हे दुसरे वाक्य फार सोपे असते. ते म्हणायला पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

देवस्थानचा कारभार नगरशेटांकडे होता. माणूस वाईट नव्हता, पण धान्याच्या पेठेत आयुष्य गेलेले. होय की नाही, एवढे एकदा कानावर आले की त्यांना बरे वाटे. ते वैद्यीणबाईंकडे गेले.

या वैद्यीणबाई वयाने फार मोठ्या. अर्ध्या नगराची नाळ त्यांच्या हातून कापली गेलेली. चातुर्मासात एकभुक्त राहणाऱ्या, तुळशीला पाणी घातल्याशिवाय स्वतः न पिणाऱ्या. त्यामुळे त्या धर्म बुडवायला निघाल्या आहेत असे म्हणण्याची कुणाची छाती नव्हती.

"ही अष्टमी आसपासच्या पुष्कळ गावांत होते," नगरशेट म्हणाले. "तिथल्या वैद्यांना, सुइणींना विचारा. गर्भिणीला निर्जळी बाधते की नाही, एवढंच आम्हाला हवं. पुढचं पंच ठरवतील."

वैद्यीणबाईंचे गुडघे आता गावोगाव फिरण्याजोगे राहिले नव्हते. त्यांनी आपल्या शिष्येला, मंजुळेला पाठवायचे ठरवले. त्याच सकाळी दूरच्या एका वस्तीवरून अडलेल्या बाळंतिणीसाठी बोलावणे आले आणि बाई डोलीत बसून निघून गेल्या. काय विचारायचे, कसे विचारायचे, यावर गुरुशिष्येचे बोलणे झालेच नाही.

मंजुळा हुशार होती, प्रामाणिक होती, आणि या कामात तिचे स्वतःचे काळीज गुंतलेले होते. तिचे माहेर त्याच नगरात. तिथे तिची वहिनी, गोदा, पोटुशी होती. अष्टमीला तिला आठवा महिना लागलेला असणार होता. याआधी दोनदा तिची कूस रिकामी झाली होती, म्हणून या वेळी दिवस राहताच ती देवीला अष्टमी बोलली होती. नवस बोललेल्या बाईला तो मोडण्याची भीती काय असते, हे जो बोलला नाही त्याला सांगून कळणार नाही. आणि आदल्या वर्षीची ती सून गोदाच्या शेजारच्या घरातली.

निघण्यापूर्वी मंजुळा माहेरी डोकावली. गोदाने तिला दशम्या बांधून दिल्या.

"वन्सं, नीट विचारून या हं," ती म्हणाली. "तुम्ही जे आणाल ते माझ्या पोटाला लागू होणार आहे."

आतून मंजुळेची आई म्हणाली, "त्यात गावोगाव विचारण्यासारखं काय आहे? तुम्हा दोघा भावंडांच्या वेळी मी केलीच की अष्टमी. चांगली तुळईसारखी उभी आहेस माझ्यासमोर."

मंजुळेने कमरेला दोन बटवे लावले आणि एका पिशवीत चिंचोके घेतले. ज्या गावी 'बाधत नाही' असे म्हणतील तिथला चिंचोका उजव्या बटव्यात, 'बाधते' म्हणतील तिथला डाव्या. कुठले गाव विसरायला नको, कुणाच्या बाजूने झुकायला नको. युक्ती तिची तिलाच आवडली. ती खोऱ्यातून वर गेली, नदीने खाली आली, आणि प्रत्येक दारात तोच एक प्रश्न तिने तशाच शब्दांत विचारला. परत आली तेव्हा उजवा बटवा टम्म फुगला होता आणि डावा चिमूटभर.

वैद्यीणबाई एकामागून एक बोलावण्यांत अडकून अजून परतल्या नव्हत्या. नगरशेटांना दम नव्हता. त्यांनी मंजुळेला सभामंडपात बोलावले, दोन्ही बटवे दोन तळहातांवर घेतले, तोलून पाहिले आणि हसले.

"झालं तर. देवीनं कौल दिला. पोरी, असं स्वच्छ काम आमच्या पेठेतसुद्धा कुणी करत नाही." आणि त्यांनी जाहीर केले की चैत्रगौरीच्या जेवणाला पंचांसमोर हा कौल वाचला जाईल, व्रत आहे तसेच चालेल, आणि ते वैद्यीणबाईंच्या शब्दावर चालेल.

मंजुळा माहेरी गेली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचली होती. आईने गोदाच्या हातावर साखर ठेवली.

"बघ. तुझ्या नणंदेनंच आणलं की नाही खरं ते?"

"हो," गोदा म्हणाली. तिने साखर तोंडात घातली आणि हात पोटावर ठेवला. "म्हणजे आता मला भ्यायचं कारण नाही. नाही का, वन्सं?"

मंजुळा हो म्हणाली. पण म्हणताना तिने गोदाकडे पाहिले नाही, आणि का पाहिले नाही ते तिलाही उमगले नाही.

चैत्रगौरीचे जेवण. मंडपात पंक्ती बसल्या. पानांवर वरणभात, आमटी, कैरीची डाळ, कोशिंबीर, लोणचे, लिंबाची फोड, आणि द्रोणात खीर. नगरशेटांनी चित्राहुती घालायला हातात पाणी घेतले, इतक्यात वैद्यीणबाई आल्या. डोलीतून उतरल्या त्या थेट पंक्तीत. पायांची धूळसुद्धा झटकलेली नव्हती. वाटेतच त्यांना कौलाची हकीकत कळली होती.

त्यांनी हात धुतले, नगरशेटांसमोर बसल्या, त्यांचे पान आपल्याकडे ओढले, आणि कुणाला काही कळायच्या आत खिरीचा द्रोण भातावर उपडा केला. त्यावर आमटी, त्यावर लोणचे, कैरीची डाळ, कोशिंबीर. लिंबू पिळले. आणि सगळे चांगले कालवून, शांतपणे पान परत सरकवले.

"जेवा, शेटजी."

पंक्तीत कुणाचा हात पुढे जाईना.

"वैद्यीणबाई, हे काय?" नगरशेटांचा आवाज चढला. "देवीचा प्रसाद आहे हा."

"प्रसादच आहे. बाहेरचा एक कण घातला नाही. तांदूळ शुद्ध, दूध शुद्ध, लोणचं गुरवाच्या घरचं. का जेववत नाही?"

पलीकडून कुणीतरी हळूच म्हणाले, "बाईंना ऊन लागलेलं दिसतंय." दोघेतिघे हसले.

"लागतं खरं," बाई तिकडे वळून म्हणाल्या. "तेच बोलायला आले आहे. तुम्ही निदान डोलीत बसलेल्या बाईला लागलेलं ओळखलंत."

हसणे थांबले. नगरशेट मात्र पेठेतले माणूस. वादात मागे हटणारे नव्हते.

"ऋषिपंचमीला काय करता हो तुम्ही बायका? साऱ्या भाज्या एका पातेल्यात घालूनच शिजवता ना? ती चालते, आणि आमचं पान कालवलं की शहाणपण शिकवायचं?"

वैद्यीणबाईंना हसू आले. "बरं विचारलंत. ऋषीच्या भाजीत सगळं घालता येतं, कारण त्यात जे पडतं ते सगळं एकाच वाणाचं. बैलाच्या श्रमाचं नाही, मातीतून हातानं उपटलेलं, बिनतेलाचं, एका आचेवर शिजणारं. तिथे एकत्र करणं हीच रीत. या पानावर मीठ वेगळं, गोड वेगळं, आंबट वेगळं. इथे रीत वाढण्याची, कालवण्याची नाही. वस्तू सगळ्या चांगल्याच. एकत्र करावं की नाही, हे आधी त्या पाहून ठरवावं लागतं." मग त्यांनी शिष्येला हाक मारली. "मंजुळा, उजव्या बटव्यातला कुठलाही एक चिंचोका काढ. काढताना गाव आठव."

मंजुळा पुढे आली. दोन्ही बटवे शेटजींच्या पाटाशीच ठेवलेले होते. तिला प्रत्येक गाव आठवत होते. तेवढी ती पक्की होती. तिने चिंचोका काढला.

"हा वरच्या खोऱ्यातला, बाई. तिथल्या वैद्यांनी कधी काही बाधल्याचं पाहिलं नाही."

"तिथे निर्जळी कधी सुटते?"

"तिथे... दिवेलागणीला. अष्टमीचा चंद्र दिसला की."

"हं. दुसरा."

"हा धरणाकडचा. तिथे पाचवा महिना लागला की बायका हे व्रत करत नाहीत. त्याआधीच करतात."

"आणखी एक."

"हा नदीच्या बेटावरचा. तिथे देऊळ पाण्यातच आहे. चढ नाही." मंजुळेचा आवाज बारीक होत चालला. "आणि हा घाटमाथ्यावरचा. तिथे अष्टमी श्रावणात करतात. गार असतं."

"आता डाव्या बटव्यातले सांग."

 मंजुळेने तो चिमुकला बटवा हातावर रिकामा केला आणि एकेका चिंचोक्याकडे पाहिले.

"ही सगळी आपल्या अंगाची गावं, बाई. चैत्रातली. चढाची. सूर्योदय ते सूर्योदय निर्जळीची. भरत आलेल्या महिन्यांतल्या बायकाही व्रत करतात अशी." तिने मान वर केली. "आणि या सगळ्यांनी बाधते असंच सांगितलं."



तेव्हा वैद्यीणबाई बोलल्या, आणि त्या पंचांशी बोलत असल्या तरी डोळे शिष्येवर होते.

"पोरी, तू खोटं काही आणलं नाहीस. तू आणलेला दाणा न् दाणा खरा आहे. चूक झाली ती घराबाहेर पडण्याआधी, आणि त्यात माझा वाटा मोठा आहे, कारण मी तुझ्याजवळ बसले नाही. आपण विचारलं, निर्जळी बाधते का. कुणाला? कितव्या महिन्यात? कसल्या उन्हात? निर्जळी म्हणजे किती वेळ? हे न विचारता बेरीज केली, की डोंगरावरच्या गारव्यातल्या बाया आणि धरणाकडच्या चार महिन्यांच्या बाया आपल्या आठ महिन्यांच्या बाईच्या जागी उभ्या राहतात. त्यांचं सुख खरं आहे, पण ते हिला उपयोगी नाही. स्वयंपाकघरात आपण आधी ठरवतो ना, आज पानावर काय वाढायचं आहे? मग ठरतं, पाटा घ्यायचा, विळी घ्यायची, की नुसतं सूप. डाळ विळीनं चिरत नाहीत. तसंच हेही. एकाच तऱ्हेच्या बायकांचं काय झालं हे जाणायचं असेल, तर त्यांचीच बेरीज करावी. कुठे बाधतं आणि कुठे नाही हे जाणायचं असेल, तर बेरीज करूच नये. शेजारी शेजारी ठेवून फरक पाहावा. आणि बायका हे का करतात, तहान लागली की काय करतात, हे जाणायचं असेल, तर मोजूही नये आणि तोलूही नये. ऐकावं. प्रश्न कुठला आणि कशासाठी, यावरून रीत निवडायची. हातात बटवे आहेत म्हणून मोजायचं, असं नाही."

नगरशेट लगेच सावरले. "ठीक आहे. मग काम अपुरं आहे. पुन्हा नीट माहिती गोळा करा. सगळी गावं फिरा. पुढच्या वर्षी पाहू."

"पोटातलं मूल पुढच्या वर्षापर्यंत थांबत नाही, शेटजी. अष्टमी तोंडावर आहे. ज्याला ठरवायला वेळ आहे त्याने सगळं खोरं पालथं घालावं. ज्याला आज ठरवायचं आहे त्याने आज हातात काय आहे आणि काय नाही, दोन्ही सांगून ठरवावं. उन्हात, चढावर, भरत आलेल्या दिवसांत, दिवसरात्र पाण्यावाचून, जिथे जिथे हे घडलं तिथे तिथे बाधलं. अशी गावं थोडी आहेत, मी ती फुगवून सांगणार नाही. पहिल्या महिन्यांतल्या बाईचं आपल्या नगरात काय होईल, ते मला या चिंचोक्यांवरून कळत नाही, तेही मी सांगते. पण जे थोडं आहे ते एका तोंडानं बोलतं आहे."

"म्हणजे देवीचं व्रत मोडा म्हणता?"

"मी म्हणत नाही. तुमच्याइतकीच मी तिच्या पायाशी आहे, आणि ठरवणं तुमचं काम आहे, माझं नव्हे. आहे तसं व्रत चालवायचं तर चालवा. पण मग तुमच्या नावावर चालवा. वैद्यीणबाई म्हणाल्या असं दवंडीत येऊ देणार नाही."

मंजुळा पुन्हा पुढे झाली. सगळ्या पंक्तीदेखत ती नगरशेटांच्या पाटापर्यंत गेली आणि त्यांच्या उजव्या हाताशी ठेवलेला फुगलेला बटवा तिने उचलला.

"ही बेरीज माझी आहे, शेटजी. मी ती परत घेते."

"अगं, दिलेला कौल परत घेतात का?"

"देवीनं दिलेला नाही घेत. हा मी दिला होता."

 बटवा तिने पुन्हा कमरेला लावला.

पंच एकमेकांकडे पाहू लागले. नगरशेटांनी पाणी घेऊन हात धुतले आणि शेवटी म्हणाले, "पंच काही ठरवत नाहीत. ज्याच्या त्याच्या घरी ज्याने त्याने पाहून घ्यावं." त्यांना दुसरे पान वाढले गेले. कालवलेले पान न्यायला कुणीतरी वाकले, तेव्हा वैद्यीणबाईंनी ते अडवले. अन्न टाकायचे नाही, असा त्यांचा नेम होता. त्या तिथेच बसल्या आणि खीर, लोणचे, आमटी, लिंबू, सगळे मिळून झालेले ते घास एक एक करून संपवू लागल्या. डोळ्यांत पाणी आले तरी थांबल्या नाहीत.

"चव कशी आहे, बाई?" शेजारच्याने विचारले.

"कौलासारखी," त्या म्हणाल्या, आणि पुढचा घास घेतला.

घरी जाताना मंजुळा बाईंना म्हणाली, "ज्याच्या त्याच्या घरी म्हणजे माझ्या माहेरी आई ठरवणार. आणि ती म्हणणार, मी दोनदा केली, मला काही झालं नाही. तिच्या एका चिंचोक्यापुढे माझा अख्खा बटवा हरतो."

"मग तिला विचार."

"काय विचारू? उत्तर मला पाठ आहे."

"बाधली का, एवढाच प्रश्न असला की तेवढंच उत्तर येतं. आता तसं विचारू नकोस. त्या दिवशी पहाटेपासून काय काय केलंस, ते सांग म्हणावं. आणि मध्ये बोलू नकोस."

मंजुळेची आई ओसरीवर वाल सोलत बसली होती. मंजुळाही सोलायला बसली. गोदा आत चुलीपाशी होती. बरेच वाल सोलून झाल्यावर मंजुळेने विचारले, आणि आई आधी म्हणाली, "आता ते कशाला?" पण बायकांना आपल्या बाळंतपणाबद्दल कुणी निवांत विचारले तर किती वेळ गप्प बसवेल?

"पहाटे सासूबाईंनी न्हाऊ घातलं. हिरवी चोळी घातली होती मी, ती खांद्यात काचत होती. ऊन काय, असं होतं, तुझ्या वेळी तर पायाला चटके. नदीवर गेलो. मी कळशी भरली. पहिली ओंजळ देवीला, दुसरी पोटातल्याला, मग चुंबळ ठेवून कळशी डोक्यावर. सासूबाई मागे तांब्या घेऊन. प्रत्येक विसाव्याला थांबवायच्या, ओंजळ धर म्हणायच्या, पोटातल्याचं राहिलंय म्हणायच्या. मला चढायची घाई असायची, पण त्या ऐकायच्या नाहीत..."

मंजुळा मध्ये बोलली नाही. पण दारात येऊन उभी राहिलेली गोदा बोलली.

"सासूबाई, पोटातल्याला ओंजळ कशी देतात?"

"कशी म्हणजे? अशी भरायची अन्..." आईचे दोन्ही हात वालांच्या टोपलीवरून ओठांपर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

"म्हणजे तुम्ही प्यायलात," गोदा म्हणाली.

"मी नाही प्यायले. माझी निर्जळीच होती. ते त्याचं होतं." हे म्हणतानाच तिला आपले शब्द ऐकू आले. हात खाली आले. चेहरा उतरला.

मंजुळेने विचारले, "मग हे बंद कधी झालं, आई?"

"तुम्ही झाल्यावर काही वर्षांनी. कुणीतरी म्हणालं, ही पळवाट आहे, व्रत कडक हवं. आम्हीही माना डोलावल्या." ती सुनेकडे पाहत नव्हती. "आमचं करून झालं होतं ना."

गोदा येऊन तिच्याजवळ बसली. "मी नवस बोलले आहे. मला तो फेडायचा आहे, सासूबाई. मी नदीवर येणार. पण आमच्या दोघांतलं एक जण निर्जळी आहे, एक नाही."

अष्टमीला ऊन तसेच होते. गोदा नदीवर गेली. तिने कळशी भरली, पहिली ओंजळ देवीच्या नावाने सोडली. मग सासूने तांब्या पुढे केला आणि घाटावरच्या प्रत्येक बाईला ऐकू जाईल असे म्हटले, "हात धर. पोटातल्याचं राहिलंय." गोदा प्यायली. तहान भागेपर्यंत प्यायली.

घाटावर उभे असलेले नगरशेट म्हणाले, "काकू, निर्जळी मोडलीत."

"ज्याच्या त्याच्या घरी पाहायचं म्हणालात ना? पाहिलं," मंजुळेची आई म्हणाली. पायथ्याशी आल्यावर तिने सुनेच्या डोक्यावरची कळशी उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतली. "हिला सावलीत बसव गं, मंजुळा. चढ माझ्याकडे. मी आता दोन जिवांची नाही." आणि म्हातारी चढू लागली. मागच्या बायकांत कुजबुज झाली. काहींनी तोंडे फिरवली. काहींनी आपापल्या सासवांकडे पाहिले, आणि एका सासूने आपल्या सुनेची कळशी काही न बोलता उतरवून घेतली.

दिवस भरल्यावर गोदा प्रसूत झाली. मुलगी. चांगली ठणठणीत, गल्लीभर आवाज जाईल अशी.

बारशाला नगरशेट स्वतः आले, मुलीला वाळे घेऊन. मन मोकळे करून म्हणाले, "वैद्यीणबाई, मी हरलो. डोळ्यांनी दिसलं. पुढच्या वर्षी पोटातल्याची ओंजळ सगळ्यांना, आणि भरत आलेल्या बाईला चढ नाही. ही मुलगी म्हणजे साक्षात पुरावा आहे. मंडपात मी हिलाच दाखवणार."

मंजुळेला तर हेच हवे होते. सकाळपासून ती ज्याला त्याला म्हणत होती, पाहिलंत? पाहिलंत ना?

वैद्यीणबाईंनी पाळण्यातून मुलीला उचलले. "ओंजळ जरूर द्या, शेटजी, देवी तुमचं भलं करो. पण हिच्यावरून नको. पाणी न पिता चढलेल्याही कितीतरी जणींची मुलं अशीच रडली आहेत, आणि सगळं नीट करूनही माझ्या हातून काही गेली आहेत. उद्या ओंजळ पिऊन एखादीचं वाईट झालं, तर तुम्ही पुन्हा व्रत कडक कराल. एकीच्या दुःखावरून ठरवू नये, तसं एकीच्या आनंदावरूनही ठरवू नये. जे ठरवायचं ते त्या सगळ्या गावांनी मिळून जे सांगितलं त्यावरून ठरवा, आणि दरवर्षी पुन्हा विचारत राहा."

"आणि ही?" नगरशेटांनी विचारले.

"हिला पुरावा करू नका. हिला मुलगी राहू द्या."

त्यांनी मुलीला मंजुळेच्या ओंजळीत ठेवले. मंजुळेने तिला छातीशी धरले. इतका वेळ ओठांवर असलेले 'पाहिलंत?' तिने गिळले, आणि तिच्या लक्षात आले की सकाळपासून तिने त्या मुलीचे नाक कुणासारखे आहे तेसुद्धा पाहिले नव्हते. ती पाहू लागली.

आपणही कुणाच्या घोटाविषयी, घासाविषयी, जिवाविषयी काही ठरवायला बसलो, की 'किती जण म्हणतात' याच्या आधी 'कुणाबद्दल म्हणतात' हे विचारण्याचा नेम धरावा; उद्यापनाची घाई नसलेला हा एक नेम आहे.